बोटानं फोनवर मराठी लिहिणं: नाटकाची वही मोबाइलवर आणता येईल का?

आंत्रुजकर

नमस्कार मंडळी,

माझे मामा फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेची नाटकं बसवतात. मास्तर होते, निवृत्त होऊन बराच काळ लोटला. नाटकाची मूळ वही आणि प्रत्येक पात्राचे वेगळे संवाद ते आजही स्वतःच्या हातानं उतरवून काढतात. पूर्वी नट गावातलेच, वही हातोहात फिरायची. आता एक वास्कोला, एक वेर्ण्याला कंपनीत पाळीवर, एक पुण्याला. जत्रा तोंडावर आल्याशिवाय सगळे एकत्र येत नाहीत. म्हणून मामा पानाचा फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाकतात. एखादं वाक्य बदललं की पुन्हा पान उतरवा, पुन्हा फोटो काढा. कोणाकडे जुना फोटो, कोणाकडे नवा, आणि तालमीत दोघं दोन तऱ्हेचे संवाद म्हणतात.

मी त्यांना मराठी कीबोर्ड लावून दिला. पण जोडाक्षरासाठी आधी पाय मोडायचा, मग पुढचं अक्षर शोधायचं, रफाराची आणखी वेगळी तऱ्हा, यात मनातलं वाक्यच निसटून जातं. शेवटी कंटाळून रोमन लिपीत लिहितात. ज्यांनी आमच्या अख्ख्या वाड्याला शुद्धलेखन शिकवलं त्यांच्यावर ही वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटतं.

स्क्रीनवर बोटानं लिहिलं की त्याचं छापील अक्षर होतं, ती सोय मराठीत कितपत चालते? फोन साधा, साडेसहा इंची आहे. दोन ओळींचे निरोप नव्हेत, पानंच्या पानं संवाद लिहायचे आहेत. कोणी रोज वापरत असेल तर कृपया सविस्तर लिहा.

म्हापशाचा_शुक्रवार

आंत्रुजकरबाब, मामा बोलून का लिहीत नाहीत? माइकचं बटण दाबायचं आणि बोलायचं. मी दुकानात गिऱ्हाईक सांभाळत सगळे निरोप तसेच पाठवतो. तेही नको असेल तर वहीच्या फोटोतलं अक्षर वाचून देणारी ॲप्स आहेत की.

आंत्रुजकर

बोलून करून बघितलं. रोजच्या बोलण्याला ते उत्तम आहे. पण नाटकात उद्गारचिन्ह कुठे, स्वल्पविराम कुठे, नट श्वास कुठे घेणार, हे मामा लिहिता लिहिताच ठरवतात. हातात लेखणी असल्याशिवाय त्यांना सुचत नाही. फोटोचं म्हणाल तर छापील पुस्तक ठीक वाचलं जातं, पण मामांच्या वहीत समासात घातलेली वाक्यं, खोडलेल्या ओळी, बाण काढून वर नेलेले संवाद असं सगळं असतं. त्याचा पार काला होतो.

लिपीवेडी

चालते, आणि लांब मजकुरालाही चालते. मी साखळीला असते. आईला ही सोय लावून दिली आणि बघता बघता मीही तिच्यावरच लिहू लागले. हा प्रतिसादही बोटानंच लिहिते आहे.

आधी मांडणी. जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'भाषा'वर जा, कीबोर्ड जोडा, मराठी निवडा आणि समोर येतील त्या मांडण्यांतून हस्तलेखनाची निवडा. गूगलनं ही सोय २०१५ मध्ये वेगळं ॲप म्हणून आणली, तेव्हाच ती ८२ भाषांना होती. पुढे ती जीबोर्डमध्येच आली.

मराठीच निवडा. देवनागरीच आहे म्हणून हिंदीवर काम भागवू नका. यंत्र नुसता आकार बघत नाही, त्या भाषेत कुठल्या अक्षरापुढे कुठलं अक्षर येण्याचा संभव जास्त, तेही बघतं. हिंदी ठेवलंत तर 'वेळ', 'मंडळ', 'टाळ' यांतल्या ळसाठी विनाकारण झगडावं लागेल.

आता शिरोरेघेचं. बहुतेक लोक सांगतात की रेघ मारूच नका, वेळ वाचतो. हे अर्धंच खरं आहे. आईची सवय अशी की शब्द पुरा झाला की एका झटक्यात वरची रेघ. पण लिहायची चौकट अरुंद, आणि रेघ मारायला बोट पुन्हा डावीकडे नेईपर्यंत कीबोर्डला वाटायचं की शब्द संपला. मग ती रेघ एकटीच पुढे वजाबाकीचं चिन्ह होऊन बसायची. म्हणून तिनं रेघ सोडून दिली. रेघ सुटल्याबरोबर घ आणि ध, म आणि भ यांची गल्लत सुरू झाली. कारण उघड आहे. घ आणि म यांच्या डोक्यावरची रेघ अखंड, तर ध आणि भ यांची डावीकडे तुटलेली. ती रेघच नसेल तर फरक उरतो तो डाव्या टोकाच्या गाठीपुरता, आणि घाईत लिहिताना आपण ती गाठ कधीच नीट वळवत नाही. कागदावर वाचणारा माणूस समजून घेतो, तसं इथे होत नाही.

यावर आम्हाला सापडलेला उपाय असा. ध आणि भ लिहिताना सुरुवातीची गाठ मोठी, उघड दिसेल अशी वळवायची. घ आणि म यांना मात्र त्या अक्षरापुरती छोटी आडवी रेघ तिथल्या तिथे द्यायची, शब्द संपायची वाट बघायची नाही. बाकी अक्षरं बिनरेघेची चालतात. आईला ही सवय लागल्यापासून 'भात'चा 'मात' आणि 'धार'ची 'घार' होणं जवळपास थांबलं.

तसंच ख. त्याचे दोन भाग खाली नीट जोडा. सुटे राहिले की 'खाणं'चं 'रवाणं' होतं. मामा मास्तर होते, त्यांना हे सांगायची गरज पडू नये, पण बोट पेनासारखं टोकदार नसल्यानं जोड सुटतो.

राहिली रुंदी. साडेसहा इंची फोन उभा धरला तर पडदा आडवा सात सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. मामांचा हात फुलस्केपला सरावलेला. ते 'महाराजांच्या' एका दमात लिहायला जातील आणि शेवटचा 'च्या' काठाशी कोंबला जाईल. असे शब्द तुकडे करून लिहावेत: 'महा' लिहून थांबा, ते वर गेलं की 'राजां', मग 'च्या'. मध्ये नको तिथे मोकळी जागा पडली तर एकदा मागे जाऊन काढायची. फोन आडवा धरून पंधरा सेंटिमीटर मिळतात हे खरं, पण मग चौकट इतकी जागा खाते की आधी लिहिलेल्या ओळी दिसत नाहीत. संवाद लिहिणाऱ्याला मागचं वाक्य डोळ्यासमोर हवं. उभाच धरा.

जुना_पाम

विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा मागचं सांगतो.

हातात मावणाऱ्या यंत्रावर लिहिण्याचे दोन मार्ग तीस वर्षांपूर्वीच निघाले होते. १९९३ मध्ये ॲपलचं न्यूटन आलं. तुम्ही जसं लिहिता तसं वाचायची त्याची जिद्द होती. पहिल्या आवृत्तीनं केलेल्या चुकांची इतकी चर्चा झाली की पुढे त्याचं वाचन खूप सुधारलं तरी लोकांच्या लक्षात त्या चुकाच राहिल्या, आणि १९९८ मध्ये ते बंद झालं. १९९६ मध्ये पाम पायलट आला तो बरोबर उलट वाटेनं. त्याच्या ग्राफिटी पद्धतीत माणसानंच आपलं अक्षर यंत्राला सोपं करून द्यायचं. प्रत्येक रोमन अक्षर एका रेघेत, पेन न उचलता. कॅपिटल ए लिहायचा तर मधली आडवी रेघ गाळायची, नुसती टोपी काढायची. पडदा फक्त १६० बाय १६० ठिपक्यांचा, त्याच्या खाली लिहायची एक छोटी चौकट, आणि तिच्यात एकावर एक अक्षर काढत जायचं. पुढे सरकायचंच नाही, त्यामुळे जागा कधी संपतच नसे. मुंबईत नोकरीला असताना मी तो वापरला आणि थोड्याच दिवसांत न बघता लिहू लागलो. एका रेघेच्या अक्षरांची कल्पना मुळात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातली. त्यावरून १९९७ मध्ये खटला उभा राहिला आणि २००३ मध्ये पामला ग्राफिटी बदलावी लागली.

सांगायचा मुद्दा हा की रोमनला सव्वीस अक्षरं, म्हणून हा करार परवडला. देवनागरीत व्यंजन, त्यावर काना-मात्रा-वेलांटी-उकार, त्यात जोडाक्षरं. प्रत्येकाची वेगळी खूण कोणी पाठ करावी? तिथे यंत्रानंच आपलं अक्षर शिकायला हवं. आणि मामांच्या पिढीनं तर मुळीच बदलू नये. त्यांचं अक्षर हा ठेवा आहे.

काणकोणकार

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. हस्तलेखन ही पळवाट आहे. एकदा मनावर घेऊन इनस्क्रिप्ट शिकलं की आयुष्यभराची सोय होते. १९८६ पासूनची मांडणी आहे, १९९१ च्या भारतीय मानकात तिला जागा मिळाली, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना तीच. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. उच्चाराप्रमाणे लिहीत जायचं. मी रोज त्यावर लिहितो, आणि माझ्याइतक्या वेगानं बोटानं लिहिणारा मला अजून भेटलेला नाही.

लिपीवेडी

काणकोणकार, इनस्क्रिप्टबद्दल आदर आहे. कचेरीत संगणकावर मीही तेच वापरते. पण ती मांडणी दोन्ही हातांची दहा बोटं आणि हाताएवढा कीबोर्ड धरून केलेली आहे. फोनवर तिचीच बटणं तांदळाच्या दाण्याएवढी होतात आणि एका अंगठ्यानं दाबावी लागतात, तेव्हा डावा-उजवा हा तिचा मुख्य फायदाच उरत नाही. शिवाय प्रश्न एका विशिष्ट माणसाचा आहे. ज्याचा हात साठ वर्षं देवनागरी वळवतो आहे त्याला नवीन मांडणी शिक म्हणणं मला पटत नाही.

काणकोणकार

पटलं नाही तरी चालेल. माझ्या वडिलांना मी शिकवलं, ते शिकले. एवढंच सांगतो.

सत्तरीचा_पाऊस

वाळपईहून लिहितो. कोणी पावसाचा विषय काढला नाही म्हणून आश्चर्य वाटलं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर फोन, हात, टेबल, सगळं दमट. आजच्या फोनचा पडदा दाब ओळखत नाही. काचेखाली बारीक जाळी असते, बोट लागलं की तिथला विद्युतभार बदलतो आणि जागा कळते. पाण्याचा थेंबही तोच बदल घडवतो. त्यामुळे छत्रीतला एक थेंब पडद्यावर पडला की लिहिलेल्या अक्षरातून भलतीच रेघ निघते. मे महिन्यात घामाचंही तसंच. कोरडं सुती फडकं जवळ ठेवायचं, दर थोड्या वेळानं काच आणि बोटाचं टोक पुसायचं. साधी गोष्ट आहे, पण निम्म्या चुका तिनंच जातात.

थंडीच्या दिवसांत उलटं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांची कातडी इतकी कोरडी पडते की स्पर्श लागता लागत नाही आणि रेघ मध्येच तुटते. काचेवर जाड संरक्षक काच लावली असेल तर आणखीच. माझ्या आजोबांच्या फोनची जाड काच काढून पातळ लावली, तेव्हा फरक पडला.

पेनाबद्दल. बाजारात स्वस्त पेनं दोन तऱ्हेची मिळतात. रबरी टोकाचं जाड असतं, कारण पडद्याला बोटाएवढा स्पर्श लागतो. पण टोकाखाली काय लिहितो आहोत तेच दिसत नाही. दुसऱ्याच्या टोकाला पारदर्शक चकती असते, तिच्यातून रेघ दिसते. मामांसाठी चकतीवालं घ्या. फोनमध्येच पेन येतं ती गोष्ट वेगळी. सॅमसंगनं २०११ मध्ये गॅलक्सी नोट आणला तेव्हापासून तसे फोन मिळतात. त्यात पडद्याखाली पेनासाठी वेगळा थर असतो आणि पेनाचं बारीक टोक ओळखलं जातं. तो खर्च परवडत असेल तर उत्तमच.

आणखी एक. फोन हातात धरून लिहू देऊ नका. पाटावर नाहीतर जाड वहीवर ठेवायचा, खाली सरकू नये म्हणून रुमाल. हाताचा तळवा मात्र काचेवर टेकता कामा नये, नाहीतर तोही स्पर्श म्हणून मोजला जातो.

कीर्तनरंग

आंत्रुजकर, मी तुमच्या मामांच्याच वयाचा असेन. कीर्तनाची टिपणं मी फोनवर बोटानं लिहितो. त्यामुळे त्यांना जमणार नाही ही शंका मनात आणू नका. पहिले काही दिवस चिडचिड होईल, तेव्हा शेजारी कोणीतरी बसा. तरुण माणसं फोन हातातून घेऊन स्वतःच लिहून टाकतात. तसं करू नका. थांबा, त्यांना लिहू द्या.

माझी अडचण वेगळी होती. गोवा मुक्त व्हायच्या आधी आमच्या गावात खाजगी मराठी शाळा होती, तिथे मी धुळाक्षरं गिरवली. 'केलें', 'गेलें', 'तें' असे बिंदू देत वाढलो. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण हातातून जायला वेळ लागला, आणि अभंगांचा जुना पाठ उतरवताना तर ते मला हवेच असतात. यंत्र मात्र ते गाळून आजचं रूप पुढे करतं. सुरुवातीला मी खोडत बसायचो. मग लक्षात आलं की चौकटीच्या वर जी दोन-तीन रूपं सुचवलेली दिसतात त्यांत बहुधा आपलं रूप असतं. त्यावर बोट ठेवलं की काम झालं. मामांना ती पट्टी बघायची सवय लावा. लिहिणाऱ्याचं लक्ष चौकटीत गुंतलेलं असतं, पट्टीकडे जातच नाही.

शिरोरेघेवरून आठवलं म्हणून सांगतो. मोडी लिहिणारे आधी पानभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं टांगत. बाळबोधीत आपण अक्षरं आधी आणि रेघ शेवटी. लिपीवेडीताई सांगतात ती अडचण मोडीवाल्यांना आलीच नसती.

कोड_फर्मागुडी

म्हापशाचा_शुक्रवार यांनी फोटोचा पर्याय सुचवला होता, त्यावरून यामागचं तंत्र थोडं सांगतो. माझं कामच या प्रकारचं आहे.

फोटोतलं अक्षर वाचणं आणि लिहिताना अक्षर वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोटोत फक्त शाई उरते. स्क्रीनवर बोट कुठून निघालं, कुठे वळलं, कुठे उचललं, कुठली रेघ आधी आणि कुठली मागाहून, हे सगळं क्रमानं आणि वेळेसकट नोंदलं जातं. ही माहिती फार मोलाची असते. म्हणून तोच माणूस तेच वाक्य स्क्रीनवर लिहील तर ते जास्त नीट ओळखलं जातं.

पूर्वीची पद्धत अशी होती की रेघांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा कुठलं अक्षर असेल याच्या शक्यता काढायच्या आणि त्यांतून सगळ्यांत जुळणारी साखळी निवडायची. तुकडा चुकीच्या जागी पडला की पुढचं सगळं बिघडलं. २०१९ मध्ये गूगलच्या संशोधकांनी जीबोर्डमधली नवी पद्धत प्रसिद्ध केली. बोटाच्या ठिपक्यांच्या लांबलचक रांगेऐवजी रेघ मोजक्या वक्रांत मांडायची, आणि ती वक्रांची मालिका अशा न्यूरल नेटवर्कला द्यायची जे तिला पुढून मागे आणि मागून पुढे अशी दोन्हीकडून वाचतं. आधी तुकडे पाडायची गरजच राहिली नाही. जुन्या पद्धतीच्या तुलनेत चुका भाषेनुसार २० ते ४० टक्क्यांनी कमी झाल्या असं त्यांनी नोंदवलं आहे.

'दोन्हीकडून वाचणं' आपल्या लिपीला किती गरजेचं आहे बघा. 'कीर्तन' लिहा. हात आधी की, मग त, मग न लिहितो आणि शेवटी परत मागे येऊन त च्या डोक्यावर रफार देतो. पण संगणकात साठवताना तो र् त च्या आधी असतो. म्हणजे सगळ्यांत शेवटी काढलेली खूण शब्दाच्या मध्यभागी जाऊन बसायला हवी. ऱ्हस्व वेलांटीचं उलटं. ती डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, कित्येक जण लिहितातही आधी, पण साठवली जाते व्यंजनाच्या नंतर. अनुस्वार, चंद्र, शिरोरेघ, सगळ्या अशाच उशिरा येणाऱ्या खुणा. रोमनमध्ये आय वरचा टिंब आणि टी ची आडवी रेघ, एवढ्यावर हे भागतं. आपल्याकडे ओळीगणिक आहे.

म्हणून मामांना एक सांगा: रफार आणि अनुस्वार शब्द संपेपर्यंत राखून ठेवू नका. ज्या अक्षराचा आहे त्याला लगेच देऊन पुढे जा.

सत्तरीकरांना इंटरनेटची काळजी असेल तर ती नको. ओळखण्याचं काम आता फोनवरच होतं. २०२० मध्ये गूगलनं ही सोय दुसऱ्या ॲप बनवणाऱ्यांनाही खुली केली, तिच्यात एका भाषेची फाइल साधारण २० एमबीची असते. एकदा उतरवली की रेंज नसलेल्या डोंगरातही चालते, आणि लिहिलेलं ओळखण्यासाठी बाहेर पाठवावं लागत नाही.

पेडणेकरीण

मला एक गोष्ट गोव्यापुरती विचारायची आहे. आपण एकाच निरोपात मराठी आणि कोंकणी दोन्ही लिहितो. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. म्हणजे लिपी एक, हात एक, भाषा मात्र वाक्यागणिक बदलते. जत्रेच्या नाटकात तर विनोदी पात्र हमखास कोंकणीत बोलतं. मराठी लावून 'आसा' लिहिलं की 'असा' होतं, 'येवया'चं काय होईल सांगता येत नाही. मी माझ्या बहिणीला 'तू कशी आसा' लिहायला जाते आणि जातं भलतंच. तुम्ही काय करता?

लिपीवेडी

पेडणेकरीणताई, दोन भाषा जोडून ठेवा आणि कोंकणी संवाद आला की भाषा बदला, हे सरळ उत्तर. पण वाक्याच्या मध्ये ते जाचक होतं हे कबूल. मी कोंकणी शब्द तोडून, एकेक अक्षर लिहिते: 'आ' लिहून थांबते, ते उमटलं की 'सा'. अख्खा शब्द समोर आला की यंत्र त्याला मराठी शब्दाकडे ओढतं. एकच अक्षर असलं की ओढायला काही नसतं, जसं काढलं तसं उमटतं. आडनावं, वाड्यांची नावं, देवळांची नावं, सगळं मी असंच लिहिते.

आणि इथे मला मनापासून एक सांगायचं आहे. लहान पडद्यावर देवनागरी लिहायची असेल तर अक्षर हेच माप धरायला हवं. अक्षर म्हणजे त्याच्या काना-मात्रा, रफार, जोडणीसकट पुरं अक्षर. जुना_पाम यांनी सांगितलं तसं एकाच चौकटीत अक्षरावर अक्षर. २०१६ मध्ये ॲपलच्या घड्याळात स्क्रिबल आलं ते असंच चालतं, इवल्याशा पडद्यावर रोमन अक्षरं एकावर एक. आपल्या लिपीला ते जास्त शोभेल, कारण आपलं अक्षर स्वतःपुरतं पूर्ण असतं. बेंगळुरूच्या एचपी लॅब्समध्ये भारतीय लिप्यांसाठी जेस्चर कीबोर्ड बनला होता. पाटीवर व्यंजनं छापलेली, हव्या त्या व्यंजनावर पेनानं मात्रा काढली की अक्षर तयार. 'क' वर वेलांटी काढली की 'की'. पूर्ण अक्षर ओळखायचं ओझं यंत्रावर नाही आणि मात्रा शोधायचं ओझं माणसावर नाही. इतकी आपली कल्पना फोनच्या कीबोर्डांत रुळली नाही याची मला खंत वाटते. त्यांनीच हस्तलेखन ओळखण्यासाठी लिपी टूलकिट नावाचं साधन मुक्त स्रोत म्हणून खुलं केलं होतं. कोड_फर्मागुडी, तुमच्यासारख्या लोकांनी या वाटेवर काम करावं असं फार वाटतं.

कोड_फर्मागुडी

ताई, पटलं. एक अडचण मात्र आहे. एकावर एक लिहिताना एक अक्षर संपून दुसरं सुरू झालं हे यंत्रानं कसं ओळखायचं? रोमनमध्ये बोट पुन्हा डावीकडे आलं की नवं अक्षर असं धरता येतं. आपल्याकडे बोट डावीकडे येतं ते वेलांटीसाठीही आणि रेघेसाठीही. वेळ मोजावा तर हळू लिहिणाऱ्याचं अक्षर अर्ध्यात तुटतं. मला वाटतं, कडेला एक जाड पट्टी ठेवावी, तिला अंगठा लावला की अक्षर संपलं. करून बघण्यासारखं आहे.

आंत्रुजकर

मंडळी, देव बरें करूं! मामांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. कीर्तनरंग यांचा दोनदा वाचायला लावला.

चकतीचं पेन आणलं, जाड काच काढली, फोन पाटावर. मराठी हस्तलेखन लावलं. पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश मामांनी स्वतः लिहिला आणि गटावर टाकला. पुण्याच्या मुलानं लगेच त्यातल्या एका वाक्याबद्दल विचारलं, मामांनी तिथल्या तिथे वाक्य बदललं. घ आणि म यांच्यावर छोटी रेघ द्यायची युक्ती त्यांना पटली. म्हणाले, पहिलीतल्या पोरांना मी असंच शिकवायचो, एकेका अक्षराला रेघ.

दोन गोष्टी अडतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य कधी 'र्य' होतो, कधी नुसता 'य'. आणि प्रत्येक संवादाच्या आधी पात्राचं पूर्ण नाव लिहावं लागतं. 'सरसेनापती' दर दोन ओळींनी लिहून हात दुखतो.

लिपीवेडी

वा, ऐकून फार आनंद झाला. मामांना नमस्कार सांगा.

ऱ्य मधला तो आडवा चंद्रकोरीसारखा भाग आपण कागदावर लहान काढतो आणि य ला चिकटवतो. तो मोठा काढा, य च्या उंचीच्या मध्यावर, आणि य ला लागेल असा. वर सरकला की यंत्र त्याला रफार समजतं, फार लहान झाला की नुसता य उरतो. शब्द अख्खा लिहा, इथे तुकडे करू नका, कारण 'दुसऱ्या' सारख्या शब्दात मागचं 'दुस' यंत्राला मदत करतं. तरीही चुकला तर वरच्या पट्टीत बघा.

नावांसाठी असं करा. मजकूर व्हॉट्सॅपमध्ये न लिहिता गूगल डॉक्समध्ये लिहा. सरसेनापतीच्या जागी 'ससस' आणि विसर्गासारखी दोन टिंबं, राणीच्या जागी 'ररर' आणि दोन टिंबं. एकच 'स' ठेवू नका, नाहीतर पुढच्या पायरीत नाटकातला प्रत्येक स बदलेल. प्रवेश पुरा झाला की मेन्यूतल्या 'शोधा आणि बदला' मध्ये जाऊन 'ससस' च्या जागी 'सरसेनापती', सगळीकडे एकदम. मग गटावर मजकूर न चिकटवता त्या फाइलची लिंक टाका, नटांना फक्त वाचायची परवानगी द्या. मामांनी वाक्य बदललं की वास्को, वेर्णे, पुणे, तिन्हीकडे तेच दिसेल.